त्रेचाळीस विड्यांचं कोडं

नरसय्या येमूल नापास झाला, आणि तोही स्वतःच्या बायकोनं घालून दिलेल्या मापावर.

सोलापूरच्या तपासणी केंद्रात सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा जावंच लागे. काचेच्या टेबलावर एक सुडोकू उमटे. नऊ घरं आडवी, नऊ घरं उभी. प्रत्येक ओळीत, प्रत्येक उभ्या रांगेत आणि प्रत्येक चौकटीत एक ते नऊ आकडे एकेकदाच. हातात बिनशाईचं पेन देत आणि म्हणत, सोडवा, घाई नाही. घाई खरंच नसे. माणूस कुठं अडकला आणि अडकल्यावर किती वेळ अडकून राहिला, ते टेबल मोजत असे.

नरसय्या आत गेला तेव्हा राजमणी बाहेरच्या बाकावर बसली होती. मांडीवर लहानसं सूप, सुपात पानांचे जुने तुकडे. विड्यांचे कारखाने बंद होऊन बारा वर्षं झाली होती, पण तिच्या बोटांना ते कुणी सांगितलं नव्हतं. रिकाम्या बसल्या की वळायला लागत. तंबाखू नाही, काही नाही. पान गुंडाळायचं, दोरा बांधायचा, टोक मुडपायचं. घरी नेऊन परत सोडायचं.

दार उघडलं. नरसय्या बाहेर आला तो हसतच.

"झालं की. सोपं होतं."

त्याच्यामागून गायत्री म्हमाणे आली. केंद्रातली सगळी यंत्रं हिच्या हाताखाली. तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तिनं नरसय्याला पाणी दिलं, बसवलं आणि राजमणीला जरा बाजूला घेतलं.

"मावशी, एकेचाळीसचं कोडं होतं. म्हणजे वीस-एकवीस मिनिटांचं. वयामुळं दुप्पट वेळ धरला तरी बेचाळीस. मामांना एक तास अठरा मिनिटं लागली."

"सावकाश करतात ते."

"सावकाश वेगळं आणि अडकणं वेगळं. स्मृती झिजण्याची तिसरी पायरी आलीय." गायत्रीनं आवाज खाली आणला. "घरात साठीच्या आतलं कुणी नाही ना तुमच्या? मग नियम आपोआप लागतो. सोमवारी गाडी येईल. सांभाळगृह चांगलं आहे, मी पाहिलंय."

"आणि मी?"

"जोडीदाराला तिथं राहता येत नाही. महिन्यातून एक भेट."

राजमणी बाकावर टेकली आणि नजर सुपात गेली. सवयीनं तिनं विड्या मोजल्या. एकोणऐंशी. पुन्हा मोजल्या. एकोणऐंशीच.

एक तास अठरा मिनिटं, आणि एकोणऐंशी विड्या. कारखान्याच्या दिवसांत एवढ्या वेळात दीडशेच्या वर झाल्या असत्या.

ती सुपाकडं बघत राहिली. मग उठून गायत्रीच्या मागं धावली.

"बाई, थांबा. यांची चूक नाही. माप चुकलंय. माझी बोटं चुकलीत."

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागेल.

नरसय्या कारखान्यात चेकर होता. बायका दिवसभर विड्या वळून आणत आणि हा त्या बोटांत धरून बघे. वाकडी, सैल, कमी भरलेली विडी बाजूला काढायची, तिला छाट म्हणत. दुसरे चेकर ओळखीपाळखीनं सोडून देत. हा स्वतःच्या आईची विडी सोडत नसे. राजमणी पहिल्यांदा त्याच्यासमोर आली तेव्हा सतरा वर्षांची होती. त्यानं तिच्या एका कट्ट्यातल्या पंचवीसपैकी नऊ छाटल्या. ती म्हणाली, "डोळे आहेत की कातर?" पुढच्या वर्षी लग्न झालं. लग्नानंतरही तो तिच्या विड्या छाटतच राहिला, आणि घरी आल्यावर त्यावरून जेवण मिळेपर्यंत बोलणी खात राहिला.

राजमणीला अक्षर येत नव्हतं. चाळीस ओलांडल्यावर कधीतरी तिनं वर्तमानपत्रातली ती चौकट पाहिली आणि विचारलं, ही कसली रांगोळी? नरसय्यानं तिला एकपासून नऊपर्यंत आकडे शिकवले. शिकण्यासारखं ते पहिलंच काही तिच्या वाट्याला आलं होतं आणि ते तिनं सोडलं नाही. सकाळी तो कातरीनं कोडं कापून देई, ती समोर ठेवून विड्या वळे. डोळे कोड्यावर, बोटं पानावर. आकडा सुचला की अंबाड्यातली पेन्सिल काढायची, लिहायचा, पेन्सिल परत अंबाड्यात. सुटलं की वहीत चिकटवायचं.

पेपरवाले कोड्यावर चांदण्या छापत. एक चांदणी म्हणजे सोपं, पाच म्हणजे अवघड. राजमणीला त्या चांदण्या खोट्या वाटत. पाच चांदण्यांचं कधी चुटकीसरशी सुटे आणि दोन चांदण्यांचं दुपारभर छळे. मग तिनं स्वतःचं माप काढलं. घड्याळ तिला कळत नव्हतं. सुटेपर्यंत सुपात किती विड्या पडल्या, तो आकडा कोड्याखाली लिहायचा. सुरुवातीला तिचा सहा आणि नऊ उलटे पडत, म्हणून विड्यांचा आकडा नरसय्या लिही. मग तीही लिहायला लागली. पुढं अक्षरं आली, घड्याळ आलं, पण माप विडीचंच राहिलं. कारखाना बंद झाल्यावरही ती मापासाठी रिकाम्या विड्या वळत होती. तेवीस वर्षांत तेहतीस वह्या झाल्या. आठ हजारांच्या आसपास कोडी.

या वह्यांचं कुणाला काय पडलं होतं? पण एक शोध लागला आणि पडलं.

कोडं संगणक क्षणात सोडवतो. म्हणूनच कोडं किती अवघड आहे, हे त्याला सांगता येत नाही. जो कधी अडकतच नाही, त्याला अडकणं काय कळणार? माणूस मात्र अडकतो, आणि शोध असा होता की स्मृती झिजण्याचा आजार डोळ्यांना दिसायच्या पाच-सहा वर्षं आधी या अडकण्यात दिसतो. मेंदू एकाच बंद दारावर पुन्हा पुन्हा थापा मारत बसतो, शेजारचं उघडं दार त्याला दिसत नाही. हे मोजायचं तर कोड्यांची वजनं आधी पक्की हवीत, आणि वजन ठरवायला माणूस हवा. एकच माणूस, एकच पद्धत, पुष्कळ वर्षं. असा माणूस शोधायला निघाले तेव्हा जग बदललं होतं. प्रत्येकाच्या हातात उत्तर सांगणारं यंत्र होतं. स्वतःहून अडकून बसणारं कुणी उरलंच नव्हतं.

सोलापुरात एक बाई सापडली. सत्कार झाला, शाल मिळाली. वह्या यंत्राखाली घातल्या. पहिल्या सहा वह्यांतले उलटेपालटे आकडे यंत्राला वाचता येईनात, म्हणून त्या परत दिल्या. बाकीच्या सत्तावीस वह्या राज्याचं माप झाल्या, मिनिटाला दोन विड्या या हिशेबानं. सरकारी कागदावर विडीचं नाव कसं घालायचं, म्हणून नुसतं 'मान' म्हणू लागले. केंद्रातली पोरं आपसात विडीच म्हणत.

नऊ वर्षांपूर्वी राजमणीला चिकुनगुनिया झाला होता. बोटांची पेरं सुजली आणि पुन्हा कधी पहिल्यासारखी झाली नाहीत. बोटं मंदावली, पण ते तिला कळलं नाही. तिचं घड्याळ बोटांतच होतं. घड्याळच हळू चाललं, तर ते हळू चाललंय हे बघायचं कशावर?

"म्हणजे बघा," दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी ती गायत्रीला सांगत होती, "बोटं निम्मी झाली तर त्याच वेळात विड्या निम्म्या पडणार. ऐंशीच्या कोड्याखाली मी चाळीस लिहिणार. काल यांना दिलेलं कोडं तुम्ही दाखवलंत, ते चोविसाव्या वहीतलं. आजारानंतरचं. ते एकेचाळीसचं नाहीच. ब्याऐंशीचं आहे."

"आणि ब्याऐंशीचं असेल तर मामांना ऐंशी-ब्याऐंशी मिनिटं मिळायला हवीत," गायत्री हळूच म्हणाली. "अठ्ठ्याहत्तरात मामा पास."

"काठावर का होईना."

नरसय्या शेजारीच बसला होता. "कोण काठावर?" त्यानं विचारलं.

"तुम्ही. गप बसा."

"मी काठावर कधी कुणाला पास केलं नाही."

"ठाऊक आहे. सतरा वर्षांची होते मी."

गायत्री हसली. पण कामाला ती चोख होती. तिनं राजमणीला कॅमेऱ्यासमोर बसवलं, पानं दिली, पंचवीस विड्या वळायला सांगितल्या. राजमणीनं सगळा जीव बोटांत आणला नाही. जसं रोज वळते तसंच वळली. आयुष्यात तिनं वहीत खोटा आकडा लिहिला नव्हता आणि आजही लिहायचा नव्हता. चोवीस मिनिटं लागली. तिच्या कारखान्याच्या जुन्या कार्डावर रोजच्या हजार विड्यांची नोंद होती. तो वेग याच्या दुप्पट होता.

"निम्मी," गायत्री म्हणाली. "मावशी, हे एकट्या मामांचं नाही. या मापावर अकरा हजार लोकांचे निकाल लागलेत. सगळे थांबवावे लागतील."

"थांबवा मग. सोमवारच्या आत थांबवा."

"एक गोष्ट राहते." गायत्रीनं शब्द शोधले. "वाईट वाटून घेऊ नका. विड्यांचा आकडा दोन गोष्टींनी ठरतो. बोटांचा वेग आणि डोक्याचा वेग. बोटं मंदावली आणि डोकं तसंच राहिलं, तर माप चुकलं. पण समजा डोकंही तेवढंच मंदावलं. मग कोड्याला वेळ दुप्पट लागणार, त्या वेळात बोटं निम्म्या वेगानं चालणार, आणि आकडा पहिल्याइतकाच येणार. म्हणजे माप बरोबरच."

"माझं डोकं ठणठणीत आहे."

"दिसतंच आहे. पण वरचे साहेब विचारणारच. एकच कोडं तुम्ही आजाराच्या आधी आणि नंतर, दोनदा सोडवलेलं असेल तर एका क्षणात कळेल. पेपरवाले कधीकधी जुनं कोडं आकडे बदलून परत छापतात. एकाच्या जागी सात, सातच्या जागी चार. असं जुळं आहे का कुठं?"

राजमणीचे डोळे चमकले. होतं. तेहतीस वह्यांत एकच होतं. आकडे बदलले तरी भरलेल्या घरांची ठेवण तिला रांगोळीच्या ठिपक्यांसारखी ओळखू आली होती आणि तिनं दोन्हीकडं कुंकवाचे दोन ठिपके लावले होते. कुठं ते आठवेना. पण परत मिळालेल्या जुन्या सहा वह्या तिनं सोबत आणल्या होत्या, पिशवीतच होत्या.

"जेवून येते," गायत्री म्हणाली. "मग बसून एकेक पान बघू."

राजमणी व्हरांड्यात गेली. नरसय्या पायरीवर उन्हात बसून डब्यातली भाकरी खात होता. तिनं एक एक वही उलटली. तिसऱ्या वहीच्या मधोमध ठिपके सापडले. ठेवण बघितली. नरसय्याला दिलं तेच कोडं. चोविसाव्या वहीत खाली एकेचाळीस होतं. याच्याखाली ऐंशीच्या घरातलं काहीतरी असणार, आणि मग साहेब असो की कोण, नरसय्याला न्यायला कोणाची टाप होती?

खाली नरसय्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं. त्रेचाळीस.

ती बघत राहिली. तेव्हा बोटं पळत होती, त्रेचाळीस विड्या म्हणजे वीस मिनिटं. नंतर बोटं निम्मी झाली, तरी एकेचाळीस. म्हणजे चाळीस मिनिटं. बोटं मंदावली होती आणि बोटांच्या पावलात पाऊल टाकून डोकंही मंदावलं होतं. दोघं बरोबर चालत होती म्हणून कुणाला काही कळलं नाही.

आणि मग तिला आठवलं की हे तिनं एकदा पाहिलं होतं. ठिपके लावले त्या दिवशी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवून ती नरसय्याला म्हणाली होती, "बघा, इतक्या वर्षांनी पण तेवढंच. माझं माप पक्कं." अभिमानानं सांगितलं होतं. आणि हे ती पार विसरून गेली होती.

माप बरोबर होतं. एकेचाळीसचं कोडं एकेचाळीसचंच होतं. नरसय्या खरोखर तिसऱ्या पायरीवर होता. गेल्या महिन्यात तो कारखान्याच्या बंद दारापाशी डबा घेऊन उभा सापडला होता, ते पाय मोकळे करायला गेला म्हणून नव्हे. गॅस चालू राहिला होता, तो लायटर खराब म्हणून नव्हे. प्रत्येक वेळी तिनं एक कारण शोधून ठेवलं होतं, आणि आता ती सगळी कारणं एकदम तिच्या अंगावर आली. आणि ती स्वतः? सदुसष्टची होती. तिची तपासणी यायला तीन वर्षं होती. पण पायरीवर बसलेल्या माणसाच्या मागं ती किती पायऱ्यांवर होती, हे आज तिच्याच वहीनं सांगितलं होतं.

"राजमणी," नरसय्यानं हाक मारली, "चटणी विसरलीस."

"आणते."

व्हरांड्याच्या टोकाला नळ होता. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, वहीच्या पानावर सोडलं. खळ फुगली. कात्रण अलगद सुटून आलं. तिनं ते पदरानं टिपलं, बोटाएवढं दुमडलं, पिशवीतलं विडीचं सगळ्यात मोठं पान काढलं आणि त्यात गुंडाळलं. दोरा बांधला, टोक मुडपलं. या एका विडीला तिची बोटं पूर्वीसारखी पळाली.

गायत्री परत आली तेव्हा राजमणी सूप मांडीवर घेऊन बसली होती.

"सव्वीस?" गायत्रीनं विचारलं. "पंचवीस होत्या ना?"

"बोटांना सवय." तिनं ती एक उचलून कमरेला खोचली.

दुपारभर गायत्रीनं सहा वह्या चाळल्या. तिसऱ्या वहीतलं एक पान ओलं होतं, चौकोन रिकामा होता.

"इथलं काय झालं?"

"खळ सुटते. जुनी वही."

गायत्रीनं वर बघितलं. राजमणीनंही बघितलं. नजर हलवली नाही. मग गायत्रीनं वही मिटली.

"जुळं नाही, म्हणजे शंकेचा फायदा मामांना," ती म्हणाली. "माप रद्द होईल. नवं करायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर कुणालाच कुठं नेता येणार नाही."

राजमणीनं मान हलवली. अकरा हजारांतले कितीजण आता आपल्या घरी परत जाणार होते, आणि त्यांतल्या कितींच्या घरी गॅस होता, हे तिच्या मनात आलं. तिनं ते मनातून काढलं. ते निघालं नाही.

सोमवारी गाडी आली नाही. आठ वाजले, नऊ वाजले. नरसय्यानं सकाळचा पेपर घेतला, कातर घेतली आणि कोडं कापायला बसला. पूर्वी तो पट्टी ठेवल्यासारखा कापी. आज कातर चौकटीच्या आतून गेली आणि सातव्या ओळीनंतरचं कोडं पेपरातच राहिलं. त्यानं कापलेला तुकडा तिच्यापुढं ठेवला.

"घे. आज वळत नाहीस?"

"बोटं दुखतात."

"मग ती बघू." त्यानं तिच्या कमरेकडं बोट केलं. तीन दिवस ती विडी तिनं कुठं टाकली नव्हती. जाळायला हात धजला नव्हता. तेहतीस वह्यांत तिनं एक तुकडाही कधी फेकला नव्हता.

तिला नाही म्हणता आलं नाही. नरसय्यानं विडी अंगठा आणि दोन बोटांत धरली, एकदा फिरवली, आणि त्याचा चेहरा बदलला. पाठ ताठ झाली. डोळ्यांत ती जुनी कातर आली.

"छाट आहे ही. आत भलतंच भरलंय."

"असू दे. द्या इकडं."

पण त्यानं दोरा सोडला होता. पान उलगडलं, कात्रण उलगडलं. तो वाचत राहिला. बराच वेळ. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर लावली, बंद केली.

"माझं अक्षर," तो म्हणाला. "त्रेचाळीस." मग ओठ हलवत त्यानं ठिपके मोजल्यासारखं काहीतरी केलं. "हेच दिलं होतं की मला. त्या काचेवर."

राजमणीनं पुढं केलेला हात मागं घेतला.

"म्हणजे माप बरोबर होतं."

"हो."

"आणि तू लपवलंस."

"हो."

त्यानं तिच्याकडं बघितलं. त्या क्षणी त्याला सगळं कळत होतं, याबद्दल पुढं तिला कधी शंका आली नाही. तो काय करेल हेही तिला ठाऊक होतं. पन्नास वर्षांत या माणसानं एक छाट सोडली नव्हती. आता उठेल, चप्पल घालेल आणि केंद्रात जाऊन कात्रण टेबलावर ठेवेल.

त्यानं कात्रण होतं तसं दुमडलं. पानात गुंडाळलं. दोरा बांधायला त्याला तीन वेळा लागलं, चेकरला बांधायची सवय कुठली असणार. मग सुपात पडलेल्या जुन्या विड्यांमधे त्यानं ती ठेवली, इतरांसारखी, टोकं एका ओळीत.

"चांगली आहे," तो म्हणाला. "चालेल."

राजमणीनं तोंडाला पदर लावला. तो तिच्या शेजारी सरकला आणि तिच्या सुजलेल्या बोटांवर हात ठेवून बसला. बराच वेळ दोघं तसेच बसले होते, आणि मग जळका वास आला. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन, भांडं कोरडं होऊन, तळ काळा पडायला लागला होता. तिनं धावत जाऊन गॅस बंद केला. तो दारात येऊन उभा राहिला.

"कुणी ठेवलं होतं?" त्यानं विचारलं.

ती आठवू लागली. तोही आठवू लागला. दोघं त्या काळ्या भांड्याकडं बघत उभे राहिले, आणि दोघांपैकी कुणालाच आठवेना.